चेंगलपट्टूच्या तळ्यावरचे ठिपके

विद्युलता: आणि मग ही बाटली शर्टाच्या खिशात काय आपोआप चालत आली?

शरदचंद्र: अगं, साधे थेंब आहेत. डोळ्यांत घालायचे.

विद्युलता: ते वाचता येतं मला. कोणी सांगितलं घालायला?

शरदचंद्र: कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं. उन्हानं डोळे जळजळतात म्हटलं, त्यानं काढून दिले.

विद्युलता: रिटायर झाल्यापासून तुम्ही उन्हात गेलायत कधी? सकाळी समुद्रावर एक फेरी, तीही सूर्य वर यायच्या आत. मग दिवसभर कम्प्युटरवरच्या त्या रेल्वेच्या खेळात एग्मोर स्टेशनहून गाडी काढायची आणि विळुपुरमला नेऊन लावायची. खोटं बोलताना तुम्ही कान खाजवता, माहीत आहे का?

शरदचंद्र: खाजतोय म्हणून खाजवतोय.

विद्युलता: अहो.

शरदचंद्र: काय?

विद्युलता: माझ्याकडे बघून सांगा. काय होतंय डोळ्यांना?

शरदचंद्र: ठिपके दिसतात.

विद्युलता: कसले ठिपके?

शरदचंद्र: बारके चौकोन. चेंगलपट्टूच्या तळ्याजवळ गाडी आली की सुरू होतात. आधी पाण्यावर. मग आभाळात. मग सगळीकडे सांडल्यासारखे.

विद्युलता: कधीपासून?

शरदचंद्र: पोंगलच्या आधीपासून.

विद्युलता: आणि मला आत्ता सांगताय!

शरदचंद्र: सांगितलं कुठे? तू कपडे धुवायला टाकताना खिसे तपासलेस.

विद्युलता: तपासले म्हणून कळलं. नाहीतर काठी हातात आल्यावरच कळलं असतं. तुमची साखर, डॉक्टरांनी किती वेळा बजावलंय, डोळ्यांचं काही झालं तर त्याच दिवशी या म्हणून—

शरदचंद्र: तेच तर. मागच्या वेळीही असंच झालं होतं. मला वाटायचं सगळं नीट दिसतंय. आणि तपासणीत ते रंगांच्या ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं तर आतले आकडे दिसेनात. इंजिन गेलं हातातून. आता हा कम्प्युटरही गेला, तर मी दिवसभर करू काय गं? भाजी निवडू?

विद्युलता: निवडलीत तर भाजीचं काही बिघडणार नाही. बरं, मला सांगा. पेपर वाचताना दिसतात हे ठिपके?

शरदचंद्र: नाही.

विद्युलता: जेवताना? ताटात?

शरदचंद्र: नाही.

विद्युलता: रात्री मालिका बघताना?

शरदचंद्र: तेव्हा माझे डोळे मिटलेले असतात.

विद्युलता: म्हणजे फक्त कम्प्युटरवर. उठा. दाखवा मला.

शरदचंद्र: नको.

विद्युलता: का नको?

शरदचंद्र: तुला नाही दिसले तर?

विद्युलता: ...तर उद्या डॉक्टरकडे जाऊ. दोघं. आधी गाडी सुरू करा.

शरदचंद्र: एग्मोरपासून काढू?

विद्युलता: कुठूनही काढा. मी इथे बसलेय. आज स्वयंपाक उशिरा.

०

विद्युलता: अजून तांबरमच? एवढी हळू का चालवताय?

शरदचंद्र: इथं हाच वेग आहे. माझ्या मनानं नाही चालत.

विद्युलता: मागे कोणी बसलेलं नाही, पळवा की.

शरदचंद्र: असं कोणी चालवतं का! ...हे बघ, वंडलूर गेलं. आता थोडं पुढे तळं येईल. उजवीकडे.

विद्युलता: हे का? किती हुबेहूब केलंय हो. आपण महाबलीपुरमला जाऊन येताना इथे थांबलो होतो एकदा—

शरदचंद्र: बघ आता.

विद्युलता: अगंबाई!

शरदचंद्र: काय?

विद्युलता: हे काय रांगोळी सांडल्यासारखं?

शरदचंद्र: तुला दिसतंय?

विद्युलता: न दिसायला काय झालं! हिरवे चौकोन आहेत. आणि हा गुलाबी पट्टा, आभाळाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

शरदचंद्र: गुलाबी आहे तो? मला करडा वाटत होता.

विद्युलता: गुलाबी आहे. चांगला भडक.

शरदचंद्र: लता, खरं सांगतेस ना? मला बरं वाटावं म्हणून नाही ना म्हणत?

विद्युलता: तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी आजपर्यंत काही बोललेय का?

शरदचंद्र: नाही.

विद्युलता: मग! ...अहो, रडताय काय असे?

शरदचंद्र: थेंब घातलेत ना मघाशी.

०

श्रीदेवी: मामी, दार उघडेंच होतें म्हणून आंत आलें. काय झालें? फोनवर मामांचा आवाज ऐकून मी भ्यालें.

विद्युलता: ये श्रीदेवी. घाबरू नकोस, आनंदाची बातमी आहे. कम्प्युटर बिघडलाय.

श्रीदेवी: आं?

शरदचंद्र: मी बिघडलो नाही, तो बिघडलाय. हिनंही बघितलं. आता तिसरी साक्ष तुझी. ह्या स्क्रीनवर काय दिसतंय?

श्रीदेवी: अय्यो! हे काय, हिरवें पीक उगवलें आहे सगळीकडे.

शरदचंद्र: झालं. तीन जणांचे डोळे एकदम जात नाहीत.

विद्युलता: वरून धावत आलीस, ऑफिसचं काम नाही ना चालू?

श्रीदेवी: आज घरींच आहें. शोळिंगनल्लूरला ऑफिसांत बुधवारीं जाणें. आणि हा कम्प्युटरचा डबा मींच जोडून दिला ना, मींच पाहिलें पाहिजे. मामा, किती दिवस हें असें?

विद्युलता: पोंगलपासून! आणि हे आपले गुपचूप डोळ्यांत थेंब घालत बसले.

श्रीदेवी: कम्प्युटरला रोग, औषध तुम्हांला? सरी, बरें, सरका. पहिलें केबल बदलूं. ...नाहीं, तसेंच आहे. आतां तुमच्या टीव्हीला जोडतें.

विद्युलता: टीव्हीवरही तेच. उलट मोठ्ठे दिसतायत.

श्रीदेवी: मग स्क्रीनचा दोष नव्हे म्हणून कळलें. आतां ड्रायव्हर काढून नवा घालतें.

शरदचंद्र: ड्रायव्हर काढणं सोपं असतं गं. एकदा काढलाय. त्यांना नवा लगेच मिळाला.

श्रीदेवी: मामा, हा ड्रायव्हर म्हणजे प्रोग्रॅम. आंतल्या चित्राच्या कार्डाला काय करायचें तें सांगणारा.

विद्युलता: त्यांना कळलंय ते. ते दुसऱ्याच गाडीत जाऊन बसलेत.

श्रीदेवी: हा उतरायला थोडा वेळ लागेल. मामा, तुम्हीं इंजिनावरून ऑफिसांत कां गेलेत तें मीं कधीं विचारलेंच नाहीं.

शरदचंद्र: विचारण्यासारखं काही नाही. रंगांच्या तपासणीत नापास झालो. नियम बरोबर आहे, माझी तक्रार नाही. मागे हजार माणसं विश्वासानं झोपलेली असतात. लाल-हिरव्याचा घोळ घालणारा माणूस पुढे नकोच. मग क्रू लॉबीत खुर्ची दिली. कोण कुठल्या गाडीवर जाणार ते बघायचं. ते काम वाईट नव्हतं. फक्त...

श्रीदेवी: फक्त काय?

शरदचंद्र: आमच्यात रिटायर होणाऱ्याच्या शेवटच्या गाडीला हार घालतात. बायको-पोरं फलाटावर येतात. सगळ्यांना माहीत असतं, आज ह्याची शेवटची. मी विळुपुरमहून पॅसेंजर घेऊन आलो, एग्मोरला उतरलो, कॉफी प्यायलो, घरी येऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी तपासणी होती. त्यानंतर इंजिनात पाय नाही. ती शेवटची होती हे मला कुठं ठाऊक होतं? त्या दिवशी वाटेत काय काय दिसलं ते आठवायला बसलो, तर काही आठवत नाही. रोजच्यासारखीच गाडी होती.

विद्युलता: बरीच वर्षं हे ह्यांनी मलाही सांगितलं नव्हतं. मी आपली म्हणायची, बरं झालं, आता रात्री घरी असतात.

शरदचंद्र: ते बरं झालंच.

विद्युलता: मग कोणीतरी सांगितलं ह्यांना, हौशी मुलांनी मिळून ही अख्खी लाईन त्या खेळात बनवलीय म्हणून. फाटकांसकट.

श्रीदेवी: तें तुम्हीं मलाच येऊन सांगितलेंत ना मामी. म्हणून तर मीं हें कार्ड घ्यायला लावलें. चित्र काढण्याचें सगळें काम तेंच करतें. साध्या कम्प्युटरवर ही लाईन अडत अडत चालते. ...झालें. नवा ड्रायव्हर बसला. गाडी काढा मामा.

शरदचंद्र: ...आहेत. तसेच आहेत.

श्रीदेवी: मग डबा उघडूं. मामी, खोडरबर आहे काय?

विद्युलता: खोडरबर? कशाला?

श्रीदेवी: कार्डाचे सोनेरी दांत पुसायला. कधीं कधीं मळानें असें होतें. ...अय्यय्यो, आंत किती धूळ ही! मामा, ब्रश घ्या आणि हा पंखा हळू पुसा. चुम्मा, म्हणजे रिकामे, बसूं नका.

शरदचंद्र: तुझी मराठी ऐकली की मला बखर वाचल्यासारखं वाटतं.

श्रीदेवी: तुमची ऐकली कीं मला मराठी बातम्या लावल्यासारखें वाटतें. आमची तंजावरची. तीनशें वर्षें आधीं निघालों आम्हीं, वाटेंत कोठें बदलायला वेळच मिळाला नाहीं. ...पुसलें, बसविलें. काढा गाडी.

शरदचंद्र: आहेत.

श्रीदेवी: सरी. शेवटचें एक. हें कार्ड काढून वर माझ्या घरीं नेतें, माझ्या कम्प्युटरांत घालतें. तेथेंही ठिपके आले, तर मग शंकाच नको.

०

विद्युलता: काय गं? आले?

श्रीदेवी: कंडिप्पा आले, नक्की आले! मी इतकी खूष झालें कीं आमच्या अम्मानें विचारलें, काय बक्षीस लागलें कीं काय म्हणून. कार्डच खराब. मामा, तीन वर्षांची वॉरंटी आहे, अजून संपली नाहीं. बिल माझ्या मेलमध्यें आहे, पाठवितें. सर्व्हिस सेंटरला नेऊन द्या, बदलून देतील. मीं येऊं?

विद्युलता: तू तुझं काम कर. काउंटरवर बोलायला मी पुरेशी आहे.

०

(सर्व्हिस सेंटरचा काउंटर. इथलं सगळं बोलणं तमिळमध्ये चाललं आहे.)

रंगा: बिल बरोबर आहे, मॅडम, नंबरही जुळतो. पण ही बघा, पट्टी. गंजलीय. गंज असला की वॉरंटी लागू होत नाही.

विद्युलता: कुठे लिहिलंय?

रंगा: तसा नियम आहे, मॅडम.

विद्युलता: तुमचं नाव रंगा ना? हे बघा रंगा, मी आयुष्य बँकेच्या काउंटरवर काढलं. 'तसा नियम आहे' हे मीही रोज म्हणायचे. पण समोरच्यानं मागितला तर काढून दाखवायचे. काढा.

रंगा: हा घ्या. वाचतो. 'सर्किट बोर्डावर किंवा त्यावरील भागांवर गंज आढळल्यास.'

विद्युलता: पट्टी बोर्डावर आहे का?

रंगा: पट्टी... तशी बाहेरची असते. डब्याला स्क्रूनं अडकवायची.

शरदचंद्र: आम्ही तिरुवान्मियूरला राहतो, रंगा. खिडकी उघडली की समुद्र. आमच्या दाराच्या कडीला गंज आहे, इस्त्रीला आहे, देवाच्या घंटेला आहे—

विद्युलता: घंटा पितळेची आहे.

शरदचंद्र: घंटेच्या खिळ्याला आहे. बोर्डावर एक ठिपका गंज दाखवा, मी मुकाट्यानं कार्ड उचलून घरी जातो.

रंगा: थांबा, भिंग आणतो. ...नाही सर, बोर्ड स्वच्छ आहे. कोणीतरी चांगला पुसलाय.

शरदचंद्र: मीच पुसलाय. ब्रशनं.

रंगा: ठीक आहे, गंजाचं सोडू. पण दोष मला इथे दिसला पाहिजे. टेस्टला लावतो, बसा तुम्ही.

विद्युलता: इथून स्क्रीन दिसतो का हो तुम्हाला?

शरदचंद्र: दिसतो. तू बस.

०

रंगा: सर, बराच वेळ झाला. चित्र अगदी स्वच्छ आहे. 'दोष आढळला नाही' असं लिहून परत द्यावं लागेल.

शरदचंद्र: ते गरम व्हायला पाहिजे. घरीसुद्धा चेंगलपट्टू येईपर्यंत काही होत नाही.

रंगा: चेंगलपट्टू?

विद्युलता: ते कम्प्युटरवर ट्रेन चालवतात. आधी खरी चालवायचे.

शरदचंद्र: आणि इथं तुमचा एसी बघा. मला स्वेटर आणायला हवा होता. त्यात तुम्ही ते कार्ड उघड्या टेबलावर ठेवलंय. कसं गरम होणार?

विद्युलता: थोडा वेळ एसी बंद करता येईल?

रंगा: मॅडम, एवढी माणसं बसलीत, मला मारतील. एक करतो. डब्यात घालून, झाकण लावून चालवतो, घरी असतं तसं. पण माझी जेवणाची सुट्टी संपेपर्यंतच. नंतर टेबल दुसऱ्याला द्यायचंय.

विद्युलता: तुम्ही निवांत जेवा. आम्ही बसतो समोर.

०

विद्युलता: अहो, पापणी तरी हलवा.

शरदचंद्र: हलवली की नेमकं तेव्हाच होतं.

विद्युलता: इंजिनातही असेच बसायचात?

शरदचंद्र: असंच. रूळ, सिग्नल, रूळ, सिग्नल. मध्येच एखादी म्हैस.

विद्युलता: दहीभात आणलाय डब्यात. दोन घास खाऊन घ्या, तोपर्यंत मी बघते.

शरदचंद्र: नंतर.

विद्युलता: नाही दिसलं तर राहू दे हो. घरी जाऊ. दुसरं काहीतरी बघू.

शरदचंद्र: लता, बोलू नकोस जरा. ...गेला.

विद्युलता: काय गेलं?

शरदचंद्र: डावीकडे, वर. चमकून गेला. रंगा! अहो रंगा!

रंगा: आलो सर, हात धुतोय. कुठे? मला तर काही दिसत नाही.

शरदचंद्र: परत येईल. डावा कोपरा, वरून बोटभर खाली.

रंगा: सर, कधी कधी बघून बघून डोळ्यांना नुसतं वाटतं—

विद्युलता: रंगा, ते सोडून दुसरं काहीही म्हणा.

शरदचंद्र: आता. आता बघा.

रंगा: ...हो. आहे. अरे, हे पसरतायत! आणि सर, हा जो पहिला आला तो केवढासा होता. जवळ उभा राहूनही मला दिसला नाही.

शरदचंद्र: रंग मला विचारू नका. पण जिथं काही हलायला नको तिथं हललं, तर दिसतं मला.

रंगा: व्हिडिओ घेतो, वर पाठवायला. आता प्रश्न नाही. मॅडम, इथे सही करा. बदली कार्ड आलं की फोन करू.

विद्युलता: मी कशाला? सही ते करतील. त्यांनी बघितलंय.

०

शरदचंद्र: अगं, ही बस आपल्याकडे जात नाही. ही एग्मोरची.

विद्युलता: माहीत आहे. बसा. डोळ्यांच्या हॉस्पिटलात जायचंय, वेळ घेऊन ठेवलीय.

शरदचंद्र: आता कशाला? खराब कार्ड होतं. त्या पोरानं स्वतः बघितलं.

विद्युलता: कार्डाचा निकाल लागला. डोळ्यांचा कुठे लागलाय?

शरदचंद्र: आत्ताच तर कौतुक झालं माझ्या डोळ्यांचं.

विद्युलता: झालं, आणि मला काय कमी आनंद झालाय? दहीभाताचा डबा तिथेच विसरणार होते. पण तुम्ही इतकी वर्षं डोळे दाखवायला का जात नाही, हेही मला माहीत आहे. तुम्हाला वाटतं, तिथे गेलं की काहीतरी काढून घेतात.

शरदचंद्र: घेतलं होतं.

विद्युलता: आता काय घेणार? नोकरी संपली. पेन्शन चालू आहे. बायको कोणी नेणार नाही.

शरदचंद्र: नेली तर?

विद्युलता: संध्याकाळपर्यंत आणून सोडतील.

शरदचंद्र: तशी खात्री मलाही आहे. ...ते औषध घालतात, बाहुल्या मोठ्या करायला. तास दोन तास सगळं धुरकट होतं. पायाखालची पायरी दिसत नाही.

विद्युलता: म्हणून तर मी बरोबर आहे ना. हात धरून आणीन.

शरदचंद्र: लोक बघतील.

विद्युलता: बघू देत. तुम्हाला कुठे दिसणार आहेत तेव्हा?

०

श्रीदेवी: मामा, हें तर तुमचें कार्ड नव्हे!

विद्युलता: म्हणजे? दुसऱ्या कोणाचं दिलं की काय त्यांनी?

श्रीदेवी: तसें नव्हे मामी. तुमचें जें होतें तें बनविणेंच बंद झालें, म्हणून त्याच्या पुढचें पाठविलें. जास्त चांगलें आहे. पण लांब आहे. डब्यांत बसत नाहीं.

शरदचंद्र: किती लांब?

श्रीदेवी: दोन बोटें. हा हार्डडिस्कचा पिंजरा आड येतो, पाहा.

शरदचंद्र: पिंजरा काढून टाक. डिस्क खाली बसेल, तिथं जागा आहे.

श्रीदेवी: तेंच करूं पाहतें, पण हा एक स्क्रू हलतच नाहीं. गंजला.

विद्युलता: खोबरेल आणू?

श्रीदेवी: नको मामी, नको! विजेची वस्तु आहे, वडा तळायचा नाहीं.

शरदचंद्र: मला दे तो स्क्रू-ड्रायव्हर. गंजलेला स्क्रू आधी जरासा घट्ट करायचा. कुरकुर झाली की मग उलटा. जोर लावलास तर डोकं झिजतं आणि मग कायमचा बसतो. ...हा घे.

श्रीदेवी: सूपर मामा! आणि डोळ्यांचें काय म्हणाले? मामी त्या दिवशीं फोनवर सांगत होत्या, तेवढ्यांत माझी मीटिंग सुरू झाली.

विद्युलता: साखरेचं काही नाही, देवाची कृपा. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे. सहा महिन्यांनी परत या म्हणाले. रंगांचं आहे तसंच राहणार.

शरदचंद्र: आणि हिनं मला अख्ख्या एग्मोरमधून हात धरून फिरवलं. लॉबीतला जुना एक जण भेटला, तो म्हणतो, साहेब, नवीन लग्न झाल्यासारखे चाललाय.

विद्युलता: तुम्ही त्याला ओळखलं नाहीत, मलाच विचारलंत हा कोण म्हणून.

शरदचंद्र: औषध होतं डोळ्यांत!

श्रीदेवी: हें पाहा, बसलें. झाकण राहूं दे थोडा वेळ, पंखा फिरतो कीं नाहीं पाहूं. ...फिरतो. मामा, बटण तुम्हींच दाबा.

शरदचंद्र: ...आलं.

श्रीदेवी: किती स्वच्छ! मामी, फलाटावरच्या पाट्यांवरचें तमिळ वाचतां येतें. मला आतां पळायला पाहिजे, माझी माणसें कॉलवर वाट पाहत असतील. कांहीं झालें तर हाक मारा.

विद्युलता: रात्री जेवायला ये. अम्मांनाही आण.

श्रीदेवी: येतें!

०

विद्युलता: सरका थोडं.

शरदचंद्र: कुठं सरकू?

विद्युलता: पलीकडे. ही खुर्ची इथे लावतेय.

शरदचंद्र: तुला कंटाळा येईल. विळुपुरम लांब आहे.

विद्युलता: आला तर उठेन. इंजिनात दोघं असतात ना? तो दुसरा काय करतो?

शरदचंद्र: असिस्टंट. तो सिग्नल पुकारतो. आधी तो मोठ्यानं म्हणतो काय दिसलं, मग मी तेच म्हणतो. दोघांचं जुळलं तर पुढे जायचं.

विद्युलता: आणि नाही जुळलं तर?

शरदचंद्र: तर थांबायचं. आधी थांबायचं, मग बोलायचं.

विद्युलता: हे घरी का नाही कधी केलंत? इतक्या वर्षांत मला सांगितलंसुद्धा नाहीत.

शरदचंद्र: तू कधी विचारलं नाहीस.

विद्युलता: आता विचारलं. मोठ्यानं म्हणायचं?

शरदचंद्र: इंजिनचा आवाज असतो. चांगलं मोठ्यानं.

विद्युलता: हिरवा!

शरदचंद्र: हिरवा.

विद्युलता: खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल हो.

शरदचंद्र: जाऊ दे. चल, सुटली गाडी.

विद्युलता: हे माम्बलम. हिरवा!

शरदचंद्र: हिरवा. बरोबर चाललंय तुझं. फक्त हात खाली ठेव, स्क्रीनसमोर येतो.

विद्युलता: बोट दाखवल्याशिवाय मला बोलता येत नाही. ...तांबरमनंतर मी जरा पाणी पिऊन येऊ?

शरदचंद्र: असिस्टंट उठत नाही.

विद्युलता: बरं बाई. बसते.

शरदचंद्र: तळं आलं बघ.

विद्युलता: काय दिसतंय तुम्हाला?

शरदचंद्र: पाणी. पलीकडे डोंगर. काठाला दोन बगळे आहेत, मुलांनी तेही घातलेत.

विद्युलता: हो, दोनच आहेत. दुसरं काही नाही. ...अहो, पुढे बघा. पिवळा! थांबा, एक नाही. दोन आहेत.

शरदचंद्र: नक्की काय ते सांग. गाडी चालू आहे.

विद्युलता: दोन पिवळे.

शरदचंद्र: दोन पिवळे.

विद्युलता: म्हणजे आता काय करायचं?

शरदचंद्र: काही नाही. सावध जायचं. पुढचा सिग्नल दिसेपर्यंत बघत राहायचं.